चार बोटं झुकलेली इमारत

दादा,

तू गेल्याचं पेपरात द्यायला तुझ्या अमोलनं हिंदीत मजकूर लिहून आणला, त्यात 'गढ़ा के सुप्रसिद्ध छायाकार' असं होतं. मी ते खोडलं नाही. तू असतास तर खोडलं असतंस आणि वर विचारलं असतंस, "काहून बे, पासपोर्ट फोटोवाला लिहाले लाज वाटून राहिली का?"

लोक आले, बसले, गेले. जो तो हेच सांगत होता की माझ्या पोरीच्या ॲडमिशनचा फोटो विनूभाऊनं काढला, माझ्या पेन्शनचा फोटो विनूभाऊनं काढला. निळा पडदा, स्टूल, 'हनुवटी जरा खाली घ्या'. तू कधी काळी उंच इमारतींचे फोटो काढायचास, त्यासाठी कटनी-सागरहून लोक तुला बोलवायला यायचे, हे त्या बैठकीत कोणालाच आठवलं नाही. मला आठवत होतं. मी सांगितलं नाही.

दवाखान्यात तू एकवीस दिवस होतास. वाचा गेली होती, उजवा हात गेला होता, पण डोळे चांगले होते. मी रोज दुपारी येऊन बसायचो आणि तुला क्रिकेटचा स्कोअर सांगायचो. वहिनी बाहेर चहाला गेली की मनाशी म्हणायचो, आता बोल. मग तू माझ्याकडे पाहायचास आणि मी सांगायचो की पाचवी विकेट पडली. एकवीस दिवस मी तुला विकेटा सांगितल्या, दादा. आता लिहितोय, तर निदान सगळं लिहितो.

तो मोठा लाकडी कॅमेरा घरात आला तेव्हा मी कॉलेजात होतो. रेल्वे क्वार्टर सोडून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या साहेबाकडून तू तो आणलास. काळा भाता, मागं दुधी काच, डोक्यावर घ्यायचं काळं कापड. बाबा फॅक्टरीतून आले, त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "पर्मनंट नोकरी सोडून हे हार्मोनियम आणलं का?" तू हसलास. त्या दिवसापासून घरात त्याला हार्मोनियमच म्हणत.

मला इमारती बांधायच्या होत्या, तुला त्यांचे फोटो काढायचे होते. त्यामुळे आपली भांडणं एकाच गोष्टीवरून व्हायची. साधा कॅमेरा घेऊन उंच इमारतीसमोर उभं राहिलं, माथा मावत नाही म्हणून कॅमेरा वर केला, की दोन्ही भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात. सगळी इमारत मागे कोसळतेय असं वाटतं. तू म्हणायचास, "कॅमेऱ्यानं मान वर केली की भिंती पडल्याच समज. त्याले सरळ उभं ठेव, फक्त लेन्सची पाटी वर उचल." हार्मोनियमला ती सोय होती. मागची काच ओळंब्यात उभी, पुढची लेन्स तेवढी वर सरकवायची. माथा आपोआप काचेत उतरायचा आणि भिंती सरळ राहायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर तू मागं मागं जायचास. मागं जागा नसली तर समोरच्या घरवाल्याला 'भैया, जरा छत पे जाने दोगे' म्हणून त्याच्या गच्चीवर चढायचास, म्हणजे माथा आणि पाया दोन्ही सारखे लांब राहतात. दोन बाजू दाखवायच्या तर एक उन्हात आणि एक सावलीत हवी, आणि दोन्ही सारख्या रुंद नकोत, हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मी आजही कोणत्याही इमारतीचा कोपरा पाहिला की आधी ऊन कुठून येतं ते पाहतो.

पण फोटो छापताना तू भिंती केसभर आत झुकू द्यायचास. मला ते पटत नसे. मी म्हणायचो, ड्रॉइंगमध्ये भिंत सरळ आहे, जागेवर सरळ आहे, मग फोटोत का नाही? तू म्हणायचास, "पार सरळ केली की ती वरून जड दिसते रे. माणूस खाली उभा राहून पाहून राहिला न. त्याच्या डोळ्यासाठी थोडं सोडावं लागते." मी म्हणायचो, ही लबाडी झाली. तू म्हणायचास, याले नजर म्हणते. आई म्हणायची, भात थंड होऊन राहिला. हा वाद कधी संपला नाही. तो तसाच चालू राहिला असता तर किती बरं झालं असतं.

मला पहिली मोठी नोकरी त्या सात मजल्यांच्या इमारतीवर लागली. आपल्या गढ़ा वस्तीत एक जुना तलाव बुजवून त्यावर ती उभी राहत होती. साइट इंजिनियर म्हणून माझी सही चालायची, याचा मला कोण अभिमान. माझं लग्न ठरलं होतं. बांधकाम संपत आलं, शेठला जाहिरातीसाठी फोटो हवा होता. मीच छाती काढून सांगितलं, मेरे भाई जैसा फोटो पूरे जबलपुर में कोई नहीं निकालता.

दसरा होऊन गेला होता. सकाळचं ऊन कोपऱ्यावर तिरकं पडलं होतं, तुला हवं होतं तसंच. समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवर तू हार्मोनियम लावलास, तो सपाट बसलाय का ते बुडबुड्याच्या पट्टीवर पाहिलंस, कापडाखाली गेलास. गेलास तो बाहेरच येईना. मी खाली मिस्त्रीशी बोलत होतो. तू हाक मारलीस.

"श्री, वर ये जरा."

मी आलो. तू मला कापडाखाली घेतलंस. काचेत इमारत उलटी, माथा खाली. काचेवर तू पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी होत्या.

"ही कड पाह्य. कुठं चालली?"

"जराशी डावीकडे."

"आता ती दुसरी?"

मी पाहिलं. "तीपण डावीकडेच."

"हं." तू कापड काढलंस. "कॅमेऱ्याची चूक असती तर दोघी एकमेकींकडे झुकल्या असत्या. ह्या दोघी एकाच बाजूले चालल्या."

"मग तुझा कॅमेराच एका बाजूला कलला असेल."

तू वाद घातला नाहीस. मिस्त्रीकडून ओळंबा मागवलास, गच्चीच्या कठड्याला बांबू बांधून कॅमेऱ्यासमोर सोडलास आणि वजन थांबेपर्यंत वाट पाहिलीस. मग मला परत कापडाखाली बोलावलंस. दोरी धूसर दिसत होती, पण पेन्सिलीच्या रेघेवर अगदी बरोबर बसली होती. शेजारचा विजेचा खांबही रेघेला धरून होता. फक्त माझी इमारत रेघ सोडून चालली होती.

"तुझी बिल्डिंग झुकली, श्री," तू म्हणालास. आवाज इतका हळू की मिस्त्रीला ऐकू जाऊ नये.

मी हसलो. मला आठवतं, मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "फोटोवाला मला इमारत शिकवणार का आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर यायच्या आधी मी एकट्यानं यंत्र लावून मोजलं. माथ्याला चार बोटं. तलावाकडच्या बाजूला चार बोटं. हे मी तुला तेव्हा सांगितलं, आणि शेठला सांगितलं, आणखी कोणाला नाही. शेठ म्हणाला, "भरी हुई मिट्टी है, थोड़ा तो बैठेगी. सब बैठती हैं. आप फोटो करवाइए." मी फोटो करवायला तुझ्याकडे आलो.

तू डार्करूममध्ये होतास. मी दाराबाहेर उभा राहून बोललो, लाल दिव्यात तुझा चेहरा बघायला लागू नये म्हणून. म्हणालो, दादा, सरळ कर. मातीच बसते, पुढं थांबते, सगळ्यांची बसते. शेठचं वाक्य जसंच्या तसं तुला मराठीत ऐकवलं. तू विचारलंस, "तुले खात्री आहे?" मी म्हणालो, "इंजिनियर कोण आहे?"

तू सरळ केलीस. कागद जरासा फिरवलास, इमारत उभी राहिली. पण मग विजेचा खांब वाकडा झाला, शेजारच्या घराची गच्ची उतरती झाली. म्हणून तू खांब कापलास, गच्ची कापलीस. एरवी इमारतीच्या ज्या बाजूला तू मोकळं आभाळ ठेवायचास तीच बाजू कापून टाकलीस. फोटो देखणा झाला. सगळे म्हणाले, देखणा झाला. त्यात इमारतीला कुठं श्वास नव्हता आणि तो का नव्हता हे जबलपुरात फक्त आपल्या दोघांना माहीत होतं.

बोरकरकाका बाबांबरोबर फॅक्टरीत होते. नुकतेच रिटायर झालेले. ते जाहिरातीचा कागद घेऊन तुझ्या दुकानात आले तेव्हा मी तिथं बसलेलो होतो.

"विनू, हा फोटो तूच काढला न?"

"हो काका."

"मग झालं. मी तुह्या काकूले तेच म्हटलं, विनूनं काढला अन् श्रीनं बांधली, आपल्याले अजून काय पाह्यजे? दुसरा मजला घेऊन राहिलो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी चहात पाहिलं.

"काका, थोडं थांबा न," तू म्हणालास. "एक-दोन पावसाळे जाऊ द्या. एवढी घाई काहून करता?"

काका हसले. "अरे, या वयात घाई नाही करायची तं कधी करायची?"

ते गेले. तू बराच वेळ पडदा झटकत बसलास. मी उठून साइटवर गेलो. एवढंच घडलं, दादा. त्या चहाच्या कपाएवढाच वेळ होता आपल्याकडे, आणि मी तो चहा संपवला.

तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या जिन्याची भिंत गेली. दुपारची वेळ होती. बोरकरकाकू भाजी घेऊन वर चढत होत्या. बाकीची कुटुंबं संध्याकाळपर्यंत जे हातात येईल ते घेऊन बाहेर पडली, कोणाच्या हातात देव, कोणाच्या हातात टीव्ही. तू तिथं माझ्या आधी पोहोचला होतास. ढिगाऱ्याच्या कडेला उभा होतास, चपला नव्हत्या. मी येऊन तुझ्याशेजारी उभा राहिलो तेव्हा तू माझा हात धरलास, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचास तसा, मनगटाजवळ.

चौकशी झाली. नाल्याचं पाणी इमारतीच्या पायात मुरलं असं कागदावर आलं. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. एक साहेब तुझ्याकडे निगेटिव्ह मागायला आले. तू सांगितलंस, बुरशी लागली, फेकली. मी वाचलो. इमारत पुढं पाडली, शेठ इंदूरला निघून गेला, मला रिछाईत कारखान्यांच्या शेडी बांधायचं काम मिळालं. एक मजली, पत्र्याच्या. मी परत कधी उंच काही बांधलं नाही. लोकांना वाटलं, पोरगा हाय खाऊन बसला. लोकांनी मला सांभाळून घेतलं.

तू हार्मोनियम गुंडाळून माळ्यावर टाकलास. कोणी इमारतीच्या फोटोसाठी आलं तर म्हणायचास, "कमर की तकलीफ है भैया, अब नहीं होता." तुझी कंबर चांगली होती.

आणि आता ते, जे लिहायला मी इतका वेळ लावला. त्यानंतरची दिवाळी. सगळे जेवून उठलो होतो, तू आणि मी अंगणात होतो. कशावरून निघालं आठवत नाही. मी तुला म्हणालो, "तू तो फोटो सरळ केला नसतास, तर काकांनी तो फ्लॅट घेतला नसता."

तू म्हणालास, "हो."

बस. ना 'तू सांगितलंस म्हणून केला' म्हणालास, ना 'इंजिनियर कोण होता' म्हणून विचारलंस. 'हो' म्हणालास आणि पोरांचे विझलेले अनार उचलून डब्यात टाकू लागलास. मला वाटलं होतं तू ओरडशील. मला तू ओरडायला हवा होतास, दादा. तू ओरडला असतास तर मीही ओरडलो असतो, आणि ओरडता ओरडता खरं तोंडातून गेलं असतं. तुझ्या त्या 'हो'मध्ये मी माझा हिस्सा टाकला आणि पंचवीस वर्षं मोकळा फिरलो. तू माझ्या पोरींची बारशी, लग्नं, सगळ्यांचे फोटो काढलेस. एकाही फोटोत मी तुझ्या शेजारी नाही, कारण तू कॅमेऱ्याच्या मागे. हे मी वहिनीजवळ अल्बम मागितला तेव्हा लक्षात आलं.

बोरकरकाका त्यानंतर आपल्या घरी आले नाहीत. मुलाकडे आधारतालला राहायला गेले. मी एकदा तुला म्हटलं, काका दिसत नाहीत, भेटून येऊ का? तू म्हणालास, "राहू दे. त्याचं दुःख त्याच्याजवळ राहू दे." मी लगेच मानलं. असं काही मानायला मी नेहमी तयार असायचो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ते आले.

काठी टेकत, नातवाला रिक्षाजवळ थांबवून, एकटेच आत आले. नव्वदीला टेकलेत आता. वहिनीनं पाणी दिलं, ती आत चहा ठेवायला गेली. काका तुझ्या फोटोकडे न बघता बसले.

"मी मयतीले आलो नाही," ते म्हणाले. "येणारच नव्हतो. पण माणूस गेल्यावर वैर ठेवून काय करायचं? म्हणून आलो. त्याले माफ केलं, एवढं सांगाले आलो."

मला कळेना. "कशाबद्दल, काका?"

"तुले माहीत नाही. त्यानं तुले कधी सांगितलं नसंलच." ते काठीची मूठ चोळत राहिले. "तुही काकू गेली, त्याच महिन्यात तो माह्याकडे आला होता. उंबऱ्यावर उभा राहून म्हणे, काका, मले काचेवर दिसलं होतं. बिल्डिंग झुकली होती. मी फोटोत सरळ केली अन् कोणाले सांगितलं नाही. मी विचारलं, श्रीले माहीत होतं का? म्हणे, नाही, त्याले काय माहीत, नवा पोरगा, शेठनं सांगितलं तिथं सही करत होता." काकांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "मी त्याले दारातून हाकललं. त्या दिवसापासून त्याच्याशी बोललो नाही. गढ़्यात काही काम असलं तरी त्याच्या दुकानावरून गेलो नाही, फिरून जायचो. एकदा बाजारात समोर आला, हात जोडले त्यानं. मी थुंकलो."

आतून कप मांडल्याचा आवाज येत होता.

दादा, मी त्या वेळीही गप्प बसू शकलो असतो. माफीसुद्धा तू माझ्या वाट्याची घेऊन गेला असतास. काका चहा पिऊन गेले असते, सुखानं गेले असते. हा विचार मी केला. तुझ्यापासून काय लपवू, पुरता केला.

मग मी बोललो. "काका, मला माहीत होतं. मी स्वतः मोजलं होतं. चार बोटं होती. त्यानंच मला आधी दाखवलं, मी ऐकलं नाही. फोटो सरळ करायला मीच त्याला सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काठी उगारतील. मी हललो नाही. पण पहिल्यांदा त्यांची नजर तुझ्या फोटोकडे गेली. वहिनी चहा घेऊन आली. त्यांनी कप हातात घेतला नाही.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले.

मग विचारलं, "अस्थी कुठं सोडल्या?"

"ग्वारीघाटला."

"मले घेऊन चाल."

नातवाला त्यांनी घरी पाठवून दिलं. मी ऑटो आणला. घाटावर ऊन होतं, फुलवाल्या बायका द्रोण घेऊन मागे लागल्या, त्यांनी हातानंच नको म्हटलं. पायऱ्या उतरताना मी आधार द्यायला पुढं झालो तर त्यांनी काठी माझ्या बाजूच्या हातात घेतली, मला हात धरता येऊ नये म्हणून. मग एका नाववाल्याचा खांदा धरून खालपर्यंत गेले, शेवटच्या पायरीवर बसले आणि पाण्याकडे तोंड करून तुझ्याशी बोलू लागले. बराच वेळ बोलले. मी वर उभा होतो. मला एक शब्द ऐकू आला नाही, आणि जवळ जायची माझी हिंमत झाली नाही. एकदा त्यांनी दोन्ही हात जोडले ते दिसलं.

वर आल्यावर मी म्हणालो, "काका, मला काही बोला."

"तुले काय बोलू?" ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

परतताना ऑटोत माझ्या शेजारी मागची सगळी सीट मोकळी होती. ते पुढं, ड्रायव्हरजवळ अर्ध्या सीटवर दाटीवाटीनं बसले, आणि आधारताल येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.